एका गोधडीतल्या दोन झोपा

माझ्या लहानपणातला बराचसा भाग मी बघितलेलाच नाही. तो मला इतरांनी सांगितला. मी म्हणे रात्री उठून खळ्यात जायची. खळं म्हणजे आमचं घरापुढचं अंगण. तिथे तुळशीपाशी उभी राहून कुणाची तरी वाट बघायची. कधी फणसाच्या बुंध्यावर हात फिरवत बसायची. एकदा तर केरसुणी घेऊन अख्खं खळं झाडून काढलं, आणि झाडता झाडता गालातल्या गालात हसत होते म्हणे. जागेपणी कधी केरसुणीला हात लावला नाहीस गो, हे आई मला अजून ऐकवते.

सकाळी मला यातलं काहीसुद्धा आठवत नसे. तळपायांना तेवढी लाल माती लागलेली असायची. अंथरुणात बसून त्या मातीकडे बघताना वाटायचं, रात्री कुणीतरी माझे पाय मागून नेले आणि न धुताच परत आणून ठेवले. मला त्याची भीती कधी वाटली नाही. उलट आपण कुठेतरी जाऊन आलो आणि आपल्यालाच बोलावलं नाही, याचा राग यायचा. मी तशी पहिल्यापासून रागीटच.

आमचं घर भाट्याला, सुरूच्या बनापासून जरा आत. चिऱ्याचं, कौलारू, पुढे पडवी. घरात आम्ही तिघी, आई, मी आणि धाकटी. मी पाचवीत, धाकटी दुसरीत. पप्पा मालवाहू बोटीवर इंजिनात कामाला. वर्षातले थोडे महिने घरी, बाकीचे पाण्यावर. ते नसताना घरात रात्रभर समुद्राची गाज ऐकू यायची, आणि ते घरी असले की त्यांचं घोरणं. दोन्हीपैकी एक काहीतरी चालू असलं की मला छान झोप लागायची.

बोटीवाल्यांच्या घरांत एक नियम असतो. कुणी तो शिकवत नाही, पण सगळ्यांना येतो. बोटीवरच्या माणसाला वाईट काही कळवायचं नाही. तो बिचारा पाण्याच्या मध्यावर, तिथून करणार काय? नुसता जिवाला घोर. म्हणून मोहर जळला तरी सगळं बरं, कौलं उडाली तरी सगळं बरं, आजोबा आजारी पडले तेव्हाही सगळं बरं. पप्पांचा फोन शेजारच्या चाचींकडे यायचा. चाचींचे यजमान कुवेतला, म्हणून त्यांच्याकडे फोन, आणि सगळ्या वाडीचा तोच पी.पी. नंबर. आम्ही धावत जायचो. आई आधी बोलायची, मग मी, मग धाकटी. धाकटीला नियम इतका पाठ होता की रिसीव्हर कानाला लागायच्या आधीच ती म्हणायची, "सगळं बरं आहे पप्पा!" आम्ही हसायचो.

तर माझ्या चालण्याचंही पप्पांना कुणी सांगितलं नव्हतं.

चाचींना मात्र ठाऊक होतं, कारण एका रात्री मी त्यांच्याच पायरीवर जाऊन बसले होते. त्यांनी मला हाताला धरून घरी आणलं आणि आईला म्हणाल्या, "हिला हलवून जागी करू नको गो. हात धर नि हळू आणून निजव. येते की नाय बघ, गायीसारखी येते." आणि मी तशी यायचीही. डोळे उघडे, पण त्यात ओळख नाही. "चल बाय" म्हटलं की चालायला लागायची.

पण आईला झोप लागेना. समोर रस्ता, पलीकडे खाडी. दाराला वरची कडी होती, ती मी झोपेत स्टूल सरकवून काढायची. मग आईने पप्पांची पत्र्याची पेटी उघडली. गणपतीत आमच्याकडे जाखडी नाचतात, पायात घुंगरांचे चाळ बांधून. पप्पा तरुणपणी नाचायचे, त्यांचे चाळ त्या पेटीत होते. आणि तळाशी, एका फडक्यात, काळ्या दोऱ्यात ओवलेले थोडेसे घुंगरू वेगळे होते. पुरुषाच्या पायाला व्हायचे नाहीत, इतकी ती माळ लहान. नाचणाऱ्या एखाद्या पोराची असेल म्हणून आईने ती घेतली आणि रोज झोपताना माझ्या उजव्या पायाला बांधायला लागली. ती अगदी मापाची बसली.

मला आवडायचं ते. अंथरुणावर पडलं की मी मुद्दाम पाय हलवायची आणि धाकटी खिदळायची. आम्ही दोघी माजघरात एका गोधडीत झोपायचो, एकाच लांब उशीवर. तिला माझ्या पायांवर पाय टाकल्याशिवाय झोप येत नसे. आई पलीकडे, दाराशी आडवी. मी उठले की छुन... छुन... असे सावकाश घुंगरू वाजत, आई उठायची, मला वळवून आणायची. हे सगळं आम्ही झोपून फार वेळ झालेला नसतानाच व्हायचं. एकदा आणून निजवलं की मी पुन्हा उठत नसे.

मग त्या थंडीत एक नवीनच सुरू झालं. पहाटे, अजान व्हायच्या सुमाराला, घुंगरू वाजायचे. पण सावकाश नाही. खुळखुळ खुळखुळ, घाईघाईने, आणि लगेच बंद. त्याबरोबर घशातून घरघर केल्यासारखा आवाज. आई चाचपडत येऊन दिवा लावेपर्यंत सगळं शांत. दोघी एकमेकींच्या अंगावर हातपाय टाकून पडलेल्या, मी अर्धवट उठून बसलेली, डोळे चोळत, चिडलेली, आणि मधोमध उशी लाळेने ओली. घुंगरू कुणाच्या पायात? माझ्या. रात्री उठून फिरणारी कोण? मीच. आईने धाकटीच्या अंगावर गोधडी सारखी केली आणि माझ्या कपाळावर हात ठेवून बसली.

हे पुन्हा झालं, मग पुन्हा. तेव्हा आई मला रत्नागिरीत डॉक्टरांकडे घेऊन गेली.

डॉक्टर आमचे नेहमीचेच, म्हातारे, सावकाश बोलणारे. आईचं बोलणं म्हणजे एकदा सुरू झालं की मध्ये थांबा नाही. उठते, फिरते, डोळे उघडे असतात, खळं झाडलं, चाचींकडे गेली, पहाटे घुंगरू वाजतात, घसा घरघरतो, लाळ गळते, सगळं तिने एका दमात सांगितलं. डॉक्टरांनी चष्मा काढला.

"हे सगळं हिचंच?"

"हो, हिचंच. शेजारी धाकटी असते. पण तिचं काही नाही हो. ती गुणी आहे. एकदा झोपली की सकाळपर्यंत हूं नाही की चूं नाही."

डॉक्टरांनी बॅटरीने माझे डोळे बघितले. म्हणाले, "झोपेत चालणं पुष्कळ मुलांना असतं. मोठी झाली की जातं, त्याला औषधसुद्धा लागत नाही. पण पहाटेचं तुम्ही सांगताय ते मला वेगळं वाटतं. त्या झोपेतल्या फिट असाव्यात. कोल्हापूरला नेऊन डोक्याला तारा लावून तपासणी करून घ्या."

"हिचे पप्पा आले की नेऊ," आई म्हणाली. आमच्याकडे अवघड गोष्टी पप्पांच्या येण्यावर टाकलेल्या असायच्या. तोवर थांबायला नको म्हणून डॉक्टरांनी मला गोळ्या सुरू केल्या.

शिमग्यापासून मी गोळ्या खात होते. त्या दिवसांचं मला जे आठवतं ते सगळं पाण्याखालून बघितल्यासारखं आहे. वर्गात फळा हळूहळू लांब जायचा आणि बाईंचा आवाज शेजारच्या वर्गातून आल्यासारखा वाटायचा. मधल्या सुट्टीत डबा उघडून मी तशीच बसून राहायची. आता मी दिवसाही झोपेत चालत होते म्हणा ना! आणि एवढं करून पहाटेचे घुंगरू वाजायचे ते वाजतच होते. डॉक्टरांनी गोळी वाढवली. मी आणखी लांब गेले.

वर आणखी बंदी. समुद्रात पाय भिजवायचा नाही, फणसावर चढायचं नाही, सायकल नाही, विहिरीच्या कठड्याशी वाकायचं नाही. वाडीतली पोरं मला बघून हात वाकडे करून दाखवायची. मी एकाला दगड मारला, आणि आईने मला धपाटा घालायला उचललेला हात तसाच खाली घेतला. तो धपाटा बसला असता तर बरं झालं असतं, असं मला तेव्हा वाटलं. दुखणाईत झाल्यावर कुणी मारतसुद्धा नाही.

सगळ्यात वाईट म्हणजे गुहागर गेलं. मे महिन्यात आम्ही दोघी मामाकडे जायचो. मामाची नारळी-पोफळीची वाडी, आत मोठी पायऱ्यांची विहीर. पाचवी झाली की मामा पोरांना पोहायला शिकवायचा. पाठीला दोन असोले नारळ, म्हणजे सालीसकट सुकलेले, बांधायचे आणि पोराला विहिरीत सोडायचं. नारळ बुडू देत नाहीत. त्या वर्षी माझा नंबर होता. मामा न्यायला आला तेव्हा आईने त्याला आत बोलावून हळू आवाजात सगळं सांगितलं. मग तो बाहेर आला, माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि धाकटीला म्हणाला, "चल, यंदा तुला शिकवतो."

माझ्या वाटणीचं पोहणं धाकटीला मिळालं. ती एसटीच्या खिडकीतून हात हलवत होती आणि मी पडवीच्या खांबामागे उभी राहून तिला बघितलंच नाही. इतका राग मला आयुष्यात क्वचित आला असेल.

ती गेली आणि घर फारच शांत झालं. अख्खी गोधडी मला, अख्खी उशी मला. झोप लागेना, पायांवर वजन नव्हतं. लागली की मी पहिल्यासारखी उठून चालायची, छुन छुन करत, आणि आई आणून निजवायची. पण पहाटे? पहाटे काहीच नाही. अजान व्हायची, कावळे ओरडायचे, आई जागी राहून वाट बघायची, आणि मी आपली पसरलेली. सकाळी आई उशीवरून हात फिरवायची. कोरडी. दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी, कोरडीच. आईने उशी खळ्यात उन्हाला टाकली आणि कितीतरी महिन्यांनी गुणगुणली. "गोळ्या लागू पडल्या गो बाय," ती मला म्हणाली आणि मला तांदळाच्या शेवया करून घातल्या, नारळाच्या रसातल्या.

त्याच आनंदात ती मला डॉक्टरांकडे घेऊन गेली. दुपारची वेळ, दवाखान्यात दुसरं कुणी नव्हतं. मी बाकावर पेंगत होते. आई म्हणाली, "डॉक्टर, गुण आला. पहाटेचं पूर्ण थांबलं. चालणं तेवढं आहे अजून."

"चालणं आहे आणि ते मात्र थांबलं?" डॉक्टरांनी विचारलं. "कधीपासून थांबलं?"

"मामा धाकटीला गुहागरला घेऊन गेला, त्या दिवसा..."

आई मध्येच थांबली. मी वर बघितलं, कारण आई बोलता बोलता थांबते हे मी कधी ऐकलेलंच नव्हतं. तिने टेबलाची कड धरली होती. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

"गुहागरला काय करते ती?" डॉक्टरांनी हळू विचारलं.

मीच सांगितलं. "पोहायला शिकते. विहिरीत."

डॉक्टरांनी स्वतः फोन पुढे केला. मामाच्या घरी फोन नव्हता, नाक्यावरच्या दुकानात होता. तो वाजत राहिला. भर दुपारी दुकान उघडं कोण ठेवतंय! आईने माझा हात धरला आणि आम्ही तशाच स्टँडवर गेलो. घरी नाही, कपडे नाहीत, काही नाही.

तो प्रवास मला स्वप्नात झाल्यासारखा आठवतो, आणि काही अंशी तो झोपेतच झाला. गोळीचा अंमल होता. जयगडची एसटी, खिडकीबाहेर लालभडक कातळ आणि मध्येच चकाकणारा समुद्र. मी आईच्या मांडीवर डोकं ठेवायची, डोळा लागायचा, उघडायचा, आणि दर वेळी आईचे ओठ हलताना दिसायचे. ती गाऱ्हाणं घालत होती. बा देवा म्हाराजा, माझी चूक झाली, तिला पाण्यापासून लांब ठेव. मग खाडी, आणि पलीकडे जायला होडी. होडीत मी पाण्याकडे बघत होते. हिरवं, गार, संथ. धाकटी त्याच्या तळाशी झोपली आहे, केस पसरून, आणि मी तिच्या शेजारी घुंगरू वाजवत उभी आहे, ती काही उठत नाही, असं मला दिसलं. मी किंचाळले का नुसतं तसं वाटलं, ते ठाऊक नाही. आईने मला घट्ट धरलं होतं, एवढं खरं. तेव्हा कळलं, खांबामागे उभी राहिले होते तो राग केव्हाच गेला होता. मला नुसती माझी बहीण पाहिजे होती.

गुहागरला पोचलो तेव्हा उन्हं पोफळीच्या शेंड्यांवर गेली होती. वाडीत शिरताच विहिरीकडून आरडाओरडा ऐकू आला. पोरांचा, खिदळण्याचा. आई धावत सुटली आणि कठड्याशी जाऊन थांबली. खाली काळ्या पाण्यात धाकटी होती. पाठीला दोन नारळ, हातपाय मारत, तोंड वर. मामा पायरीवर बसून "हाण, हाण" म्हणत होता.

आई ओरडली नाही. मला वाटतं, धाकटी घाबरेल म्हणून. अगदी रोजच्या आवाजात म्हणाली, "ये गो वर. पुरे झालं. केस भिजलेत."

"आई!" धाकटी तिथूनच ओरडली. "बघ, मी बुडत नाही!"

ती वर आली तेव्हा आईने नारळांसकट तिला कवटाळलं आणि रडायला लागली. मामा घाबरून उभा राहिला. मामी ओल्या हातांनी मागीलदारातून आली. आईने तिला एवढंच विचारलं, "वहिनी, हिची उशी सकाळी ओली असते का?"

मामीने मान खाली घातली. "असते हो वन्सं. पहाटे घसा पण वाजतो. मी मनात म्हटलं, तुमच्या डोक्याला आधीच एकीचा घोर, त्यात हे कशाला कळवा? बरं होईल आपोआप."

आईने पदराने धाकटीचे केस पुसायला घेतले. मामीला काय बोलणार? तिच्या जागी आई असती तर आईनेही कळवलं नसतं.

त्या रात्री आईने मला मामीजवळ निजवलं आणि स्वतः धाकटीला घेऊन झोपली. झोपली कसली, बसून राहिली. पहाटे मला तिने हाक मारली तेव्हा कंदील लावलेला होता. धाकटी उताणी पडली होती. तिच्या तोंडाची एक बाजू कुणी दोरीने ओढावी तशी वर ओढली जात होती, सुटत होती, पुन्हा ओढली जात होती. त्याच बाजूचे हात-पाय तसेच तडतडत होते. ओठांच्या कोपऱ्यातून लाळ येत होती. आणि तिचे डोळे उघडे होते. ते माझ्यासारखे नव्हते. माझ्या उघड्या डोळ्यांत मी नसते. तिच्या डोळ्यांत ती होती, पूर्ण जागी, आणि आमच्याकडे बघत होती. आई तिला कुशीवर वळवून तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. "मी आहे गो. मी आहे." आणि ते जसं एकदम आलं असणार तसंच एकदम थांबलं.

थोड्या वेळाने तिची जीभ मोकळी झाली. बोबडी बोलायला लागली.

"तुला कळतं हे होतं ते?" आईने विचारलं.

"ऐकू येतं सगळं. बोलता येत नाही."

"मग कधी सांगितलं नाहीस गो माझे बाय?"

धाकटीला प्रश्नच कळला नाही. तिने आईकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाली, "ताईचं चालू होतं ना. मग मी सगळं बरं म्हटलं."

सात वर्षांची पोर! माझ्या पायात घुंगरू बांधून सगळं घर मला ऐकत बसलं होतं, आणि तिच्या पायाने माझा पाय हलला की वाजायचं तेही माझंच म्हणून धरलं जायचं. ती शेजारी पडून आम्हाला हाका मारायची, आणि तिच्या हाकेला आवाजच नव्हता.

मग पप्पांची वाट बघितली नाही. मामाला बरोबर घेऊन आई आम्हा दोघींना कोल्हापूरला घेऊन गेली. तिथल्या डॉक्टरीणबाई मिश्कील होत्या. धाकटीच्या डोक्याला तारा लावून तिला झोपवलं, तेव्हा मला म्हणाल्या, "तू इथे चालायला लागू नकोस हं." आणि रेघांचा कागद बघितल्यावर त्यांनी आईला समोर बसवून सांगितलं, "मोठीचं आधी सांगते. ती झोप लागल्यावर थोड्या वेळाने उठते, सावकाश फिरते, बराच वेळ फिरते, आणि दर वेळी काहीतरी निराळं करते. आज झाडते, उद्या पायरीवर बसते. हाताला धरलं की येते. ते नुसतं चालणं. धाकटीचं पहाटे होतं, एकदम येतं, पटकन संपतं, आणि दर वेळी हुबेहूब तेच. तेच तोंड, तोच हात, तोच पाय. ती फिट. दोघींना वेगवेगळं झोपवून एकदा बघितलं असतं तर तुम्हालाच कळलं असतं."

"एका गोधडीत झोपायच्या हो," आई म्हणाली.

"म्हणून तुम्ही डॉक्टरांना दोन मुलींची मिळून एकच मुलगी सांगितलीत," बाई म्हणाल्या. पण हसून म्हणाल्या, लागेल असं नाही.

धाकटीची फिट वयात येता येता जाणारी होती, असं त्या म्हणाल्या, आणि तशी ती गेलीही. दहावीच्या आत तिच्या गोळ्या सुटल्या. आज ती माझ्यापेक्षा चांगली पोहते आणि त्याचं जरा जास्तच कौतुक करून घेते. माझ्या गोळ्या हळूहळू कमी करत बंद झाल्या. फळा पुन्हा जागेवर आला. घुंगरू आईने माझ्या पायातच ठेवले, पण धाकटीची गोधडी वेगळी केली, आणि स्वतः दाराशी झोपायची ती आता तिच्या शेजारी झोपायला लागली.

आणि मग एका रविवारी सकाळी चाचींनी कुंपणावरून हाक मारली. पप्पांचा फोन.

आम्ही तिघी धावलो. आईने रिसीव्हर घेतला, पण नेहमीसारखी बोलायला लागली नाही. तिने तो धाकटीच्या कानाला लावला आणि आम्ही दोघींनी दोन्ही बाजूंनी डोकी चिकटवली. खरखर, आणि त्या खरखरीत लांबून पप्पा. "कशी आहे माझी चिमणी?"

"सगळं बरं आहे पप्पा!"

"नाही," आई म्हणाली. "खरं सांग त्यांना. सांग गो."

धाकटीने आईकडे असं बघितलं, जणू तिला कुणी चोरी करायला सांगितली. मग तिने सांगितलं. तोंड ओढलं जातं, बोलता येत नाही, कोल्हापूरला तारा लावल्या, गोळी खाते, विहिरीत मी बुडाले नाही. सगळं. चाची पदराचा बोळा तोंडाशी धरून दारात उभ्या होत्या.

"आणि ताई झोपेत चालते," धाकटीने शेवटी उरकून टाकलं. "तिच्या पायात आम्ही पेटीतले घुंगरू बांधतो."

"कुठले?" पप्पा म्हणाले. "काळ्या दोऱ्यातले? बारके?"

आईने रिसीव्हर ओढून घेतला. "हो. ते कुणाचे आहेत?"

खरखर. मग पप्पा म्हणाले, "माझे गो. माझ्या आईने बांधलेले. मी पण चालायचो. गावभर चालायचो."

"आणि हे तुम्ही आत्ता सांगताय?" आईचा आवाज चढला. "डॉक्टरांनी विचारलं होतं, घरात आणखी कुणाला होतं का म्हणून. मी नाही म्हणून सांगून आले!"

"लग्नाआधीची गोष्ट. तुला कशाला उगीच काळजी?"

आईचेच शब्द होते ते. आमच्याच घरातले. तिने एका हाताने धाकटीचं मनगट धरलं. मग अगदी हळू आवाजात तिने विचारलं, "आता? बोटीवर?"

"आता नाही होत बहुतेक," पप्पा म्हणाले. "पण झोपताना एक पाय खाटेला दोरीने बांधतो. बाहेर पाणीच ना सगळं."

इतकी वर्षं तो माणूस तिकडे पाय बांधून झोपत होता आणि फोनवर सगळं बरं आहे म्हणत होता, आणि आम्ही इकडे घुंगरू बांधून झोपत होतो आणि तेच म्हणत होतो. मला वाटलं, आई आता भांडेल, निदान रडेल तरी. तिने डोळे पुसले, रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला आणि म्हणाली,

"घट्ट बांधत जा हो."